माडाच्या खोडातलं पाणी आणि आजाऱ्याची पेज

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. 'अमुक कशावर चांगलं?' अशी पत्रं थोडी, 'हे आत पोचतं कसं?' अशी जास्त, याचा मला फार आनंद झाला. उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवताना मी मुलांना हेच सांगत असे : झाड असो, जनावर असो की आजार असो, आधी त्याची वाट विचारा. पाणी कुठून चढलं, रक्त कुठून परतलं, ताप कुठून शिरला, हे कळलं की उपाय शोधायला कुठे बघायचं ते समजतं. माडाच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. प्रश्नच तेवढ्या तोलाचा आहे.

प्रश्न : आमच्या परसातल्या माडाला चढण्यासाठी खाचा पाडलेल्या आहेत. आजोबांच्या वेळच्या त्या खाचा आजही तशाच आहेत आणि माड नारळ देतो. शेजारच्या आंब्याची मात्र कुणीतरी बुंध्याशी नुसती साल गोल काढली, तर एवढा मोठा आंबा हळूहळू वाळून गेला. खाच तर सालीपेक्षा खोल असते. मग माड वाचतो कसा? आणि एवढ्या उंच शेंड्यावर पाणी चढवतं कोण?
— एक बागायतदार, माशेल

उत्तर : गेल्या पावसात आमच्या कुळागरातला एक जुना माड आडवा झाला. करवतीने त्याचे तुकडे केले तेव्हा मी एका तुकड्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसून घेतलं आणि भिंग घेऊन त्याच्याशी बसले. तुम्हीही एकदा बघाच. फिकट गरावर तपकिरी ठिपकेच ठिपके दिसतात. कडेला त्यांची एवढी दाटी की लाकूड काळपट वाटतं, मध्याकडे ते विरळ होत जातात आणि अगदी गाभ्यात नखाने उकरता येईल असा भुसभुशीत गर असतो. एका ठिपक्यावर भिंग धरलं की त्यात एक-दोन मोठी भोकं दिसतात. ती जलवाहिन्यांची तोंडं. मुळांनी शोषलेलं पाणी त्यांतून वर जातं. त्यांना लागूनच रसवाहिन्यांचा छोटा पुंजका असतो, पानांनी तयार केलेली साखर घेऊन जाणारा. त्यावर कडक तंतूंची टोपी. म्हणजे प्रत्येक ठिपका हा पाण्याची आणि अन्नाची वाट एकत्र असलेला एक जुडगा आहे, आणि असे हजारो जुडगे खोडभर विखुरलेले आहेत. कोयतीने खाच पाडली की त्यांतले काही तुटतात. बाकीचे आपलं काम चालू ठेवतात.

आंब्याची रचना वेगळी. त्याच्या रसवाहिन्या सगळ्या सालीच्या आतल्या अंगाला एका कड्यात असतात. त्या कड्याच्या आत कॅम्बियम नावाचा पेशींचा पातळ, ओलसर थर असतो आणि त्याच्या आत लाकूड, म्हणजे जलवाहिन्या. बुंध्याभोवती साल गोल काढली की अन्न खाली नेणारी प्रत्येक वाट तुटते. लाकूड शाबूत असल्याने पाणी मात्र वर जात राहतं, म्हणून पानं बरेच दिवस हिरवी दिसतात आणि झाडाला काही झालेलं नाही असंच वाटतं. खाली मुळं उपाशी असतात. त्यांनी साठवलेलं संपलं की ती मरतात, आणि मुळं मेल्यावर पाणीही बंद होतं. तुमच्या शेजारचा आंबा 'हळूहळू' वाळला असं तुम्ही लिहिलंय, ते निरीक्षण अचूक आहे. काढलेल्या पट्ट्याच्या वरच्या काठाला फुगवटा आला होता का, तेही आठवून बघा. खाली जाऊ न शकलेलं अन्न तिथे अडतं. लिंबाचं किंवा पेरूचं गुटी कलम करताना आपण हेच वापरतो : लहान फांदीची साल गोल काढायची, वर ओलं शेवाळ बांधायचं, आणि अडलेल्या अन्नावर वरच्या काठाला मुळं फुटू द्यायची.

माडाला कॅम्बियम नसतं, याची किंमतही तो मोजतो. आंब्याला लहानशी जखम झाली तर काही वर्षांत नवी साल ती झाकून टाकते. माडाची खाच कधीच भरत नाही, म्हणून आजोबांच्या वेळची खाच तुम्हाला आज दिसते. त्याच्या वाहिन्याही बदलून मिळत नाहीत. बुंध्यातल्या रसवाहिन्यांच्या पेशी जवळजवळ माडाच्याच वयाच्या असतात आणि तरी जिवंत असतात. मला या गोष्टीचं नवल अजून सरलेलं नाही. म्हणून एक विनंती : खाचा टिकतात याचा अर्थ त्या निरुपद्रवी आहेत असा घेऊ नका. उघड्या खाचेतून बुरशी शिरते, खोडातून तांबूस-तपकिरी चीक ओघळू लागतो, आणि लाल सोंड्या भुंग्याला अंडी घालायला तीच जागा सोयीची पडते. नव्या माडाला खाचा पाडूच नका. आता चढायची यंत्रं मिळतात, नारळ पाडणारे पाडेलीही ती वापरू लागले आहेत.

आता पाणी. विहिरीच्या काठावर पंप ठेवून पाणी नुसतं ओढायचं म्हटलं तर सुमारे 10 मीटरच्या वर ते येत नाही, कारण हवेचा दाब त्याहून जास्त उंच स्तंभ उचलू शकत नाही. माड वीस-पंचवीस मीटर सहज होतो, आणि त्याच्या खोडात पंप म्हणावा असं काहीही नाही. जलवाहिनीच्या पेशी तर मेलेल्याच असतात, नुसत्या पोकळ नळ्या. काम होतं ते वर, झावळीत. उन्हाने पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प उडतं. जेवढं उडालं तेवढी ओढ पानातल्या पाण्यावर पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ती ओढ झावळीपासून मुळाच्या टोकापर्यंत अखंड पोचते. 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी हे स्पष्टीकरण मांडलं आणि मुख्यतः तेच आजही मानलं जातं. त्याच्याही कितीतरी आधी, 1727 मध्ये, स्टीफन हेल्स या इंग्लिश धर्मगुरूने कुंडीतली झाडं तोलून पानांतून किती पाणी उडतं याची मोजमापं प्रसिद्ध केली होती. तराजू आणि चिकाटी, एवढ्यावर त्याने हे काम केलं. शाळांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा.

प्रश्न : रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडाची पोय (न उघडलेला फुलोरा) कापून सूर काढतो. तो सूर म्हणजे मुळांकडून आलेलं पाणीच ना? मग तो गोड कसा?
— एक वाचक, केपे

उत्तर : आधीच्या उत्तराला जोडूनच हा प्रश्न आला, बरं झालं. सूर रसवाहिनीतला आहे. पानांनी तयार केलेली साखर वाढणाऱ्या पोयीकडे, म्हणजे फुलांकडे आणि पुढे नारळांकडे निघालेली असते. रेंदेर ती वाटेत अडवतो. पोय न उघडलेली असतानाच तो ती बांधतो, हलक्या हाताने ठोकतो आणि टोक कापतो. ताज्या सुरात शंभर भागांत साधारण पंधरा भाग साखर असते, आणि ती बहुतांशी आपल्या चहात असते तीच. रसवाहिन्या कापल्या गेल्या की झाड त्यांची तोंडं बुजवू लागतं. म्हणून रेंदेराला रोज पुन्हा माडावर चढून पोयीचा पातळ काप काढावा लागतो. जलवाहिनीतल्या पाण्यावर ओढ असते, रसवाहिनीतल्या रसावर आतून दाब असतो. त्यामुळेच एकातलं पाणी बाहेर सांडत नाही आणि दुसरीतला रस थेंबथेंब गळत राहतो. ज्या पोयीचा सूर काढला तिला नारळ धरत नाहीत, हे रेंदेर तुम्हाला सांगेलच. साखर एकदाच खर्च होते.

प्रश्न : आई कुर्ल्या साफ करत होती. एकीची नांगी तुटली पण लाल रक्त आलंच नाही. कुर्ल्यांना रक्त नसतं का? बांगड्याला तर असतं.
— सहावीतली एक मुलगी, म्हापसा

उत्तर : बाळा, असतं. नांगीतून पाण्यासारखं काहीतरी आलं असेल, तेच कुर्लीचं रक्त. आपल्या आणि बांगड्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. त्यात लोह असतं आणि त्यामुळे रक्त लाल दिसतं. कुर्लीत आणि सुंगटांत (कोळंबीत) त्याऐवजी हिमोसायनिन असतं. त्यात तांबं असतं. प्राणवायू मिळाला की ते फिकट निळसर होतं, नाहीतर जवळजवळ रंगहीन. शिवाय कुर्लीचं रक्त सगळा वेळ नळ्यांतून फिरत नाही. पाठीच्या कवचाखालचं हृदय ते पुढे ढकलतं, ते अवयवांच्या भोवती मोकळं पसरतं आणि मग गोळा होऊन पुन्हा हृदयाकडे येतं.

आईने कवच उचकटलं की दोन्ही बाजूंना करड्या, पिसांसारख्या मऊ पट्ट्या दिसतात बघ, त्या आपण काढून टाकतो. ते कुर्लीचे कल्ले. तिथेच तिचं रक्त पाण्यातला प्राणवायू घेतं. पुढच्या वेळी आईबरोबर बाजारात गेलीस की बांगड्याचं कल्ल्यावरचं झाकणही उचलून बघ. कल्ले लालभडक असतील तर मासा ताजा, विटकरी-तपकिरी झाले असतील तर शिळा, कारण हवेत राहून हिमोग्लोबिनचा रंग बदलतो. आणि एक गंमत सांगते : अंटार्क्टिकाच्या समुद्रात असे मासे आहेत की त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन मुळीच नाही, रक्त पांढुरकं. तिथल्या बर्फगार पाण्यात प्राणवायू इतका विरघळलेला असतो की त्यांचं तेवढ्यावर भागतं.

प्रश्न : घरात कुणाला जुलाब झाले की सासूबाई उकड्या तांदळाची पेज मीठ घालून देतात. मुलगा म्हणतो शहाळं द्या, त्यात सगळं असतं. डॉक्टर ओआरएसचं पाकीट लिहून देतात. तिन्हीत खरोखर फरक काय? सासऱ्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना काय द्यावं?
— एक गृहिणी, काणकोण

उत्तर : तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या पेजेमागे पक्कं शास्त्र आहे, आणि ते कळलं की बाकीच्या दोन्हींची जागाही कळते.

जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा पाणी आणि मीठ निघून गेल्याने. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, हे सगळ्यात भयंकर रूपात दिसतं. आपल्या गोव्याचं या रोगाशी फार जुनं नातं आहे. पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून या रोगाचं वर्णन लिहिलं, आणि ते 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. जुनं गोवें ओस पडलं त्यातही पटकी आणि हिवतापाच्या साथींचा वाटा होता. एवढ्या जुन्या ओळखीच्या रोगात जंतू नेमकं करतो काय, हे मात्र 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवलं. जंतू आतड्याची भिंत फाडत नाही. तो एक विष सोडतो. त्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार आतड्यात सोडत सुटतात, आणि क्षारांमागून पाणी जातं. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं.

अशा वेळी नुसतं पाणी पाजलं तर ते शोषलं जात नाही, बरंचसं तसंच निघून जातं. पण आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की ते या विषाने बंद होत नाही. त्या दारातून ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकत्रच आत येतात. एकटं कुणी आलं तर दार उघडत नाही. दोन्ही आत आले की पाणी त्यांच्या मागे येतं. ओआरएस म्हणजे एवढंच : साखर आणि मीठ, त्या दाराला हवं त्या मापात. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे पाणी वाटायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते 2023 मध्ये. शाळेच्या पुस्तकात हे नाव ठळक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पेज. भातातला स्टार्च आतड्यात हळूहळू तुटून त्याचं ग्लुकोज होतं, मीठ सासूबाई घालतातच, म्हणजे दाराला लागणारी जोडी तयार. ग्लुकोज एकदम न सुटता बेताबेताने सुटतं, त्यामुळे आतड्यात पाणी ओढलं जात नाही. पटकीच्या रुग्णांवर तांदळाचं ओआरएस वापरून पाहिलं गेलंय आणि त्याने जुलाबाचं प्रमाण कमी होतं. मापाचं मात्र भान ठेवा : लिटरभर पातळ पेजेला चहाचा अर्धा चमचा मीठ, चमचा सपाट भरलेला. अंदाजाने चिमटी-चिमटी वाढवत गेलात तर लहान मुलाला ते घातक ठरतं.

पाकीट घरात असेल तर पहिली पसंती पाकिटालाच. ते त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात अख्खं कालवा, अर्धं-पाव करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. बाटलीतली शीतपेयं नकोतच. त्यांतली जादा साखर उलट पाणी आतड्यात खेचते.

शहाळं चांगलं, पण 'त्यात सगळं असतं' हे खरं नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. जुलाबात सगळ्यात जास्त जातं ते सोडियमच. साध्या अशक्तपणात शहाळं द्या, जुलाबात ओआरएस किंवा पेजेबरोबर द्या, त्यांच्या जागी देऊ नका. सासऱ्यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळ्याचा घोटही नको. बिघडलेलं मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. त्यांना जुलाब झाले तर घरी वाट न बघता दाखवा.

आणि कुणालाही जुलाबात रक्त दिसलं, लघवी थांबली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा पोटात काहीच ठरत नसेल तर पेज, पाकीट काही करत न बसता दवाखाना गाठा. वाटेत घोटघोट पाजत राहा.

प्रश्न : आमचे काजूचे मळे आहेत. बोंडू गोळा करायचे दिवस आले की घरात माकडतापाची भीती असते. माकड दिसलं की मुलं पळतात. हा ताप माकडाच्या चाव्याने येतो का? घरात एकाला झाला तर दुसऱ्याला होईल का?
— एक वाचक, वाळपई परिसर, सत्तरी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आहे, आणि ते मुलांना नीट समजावून सांगा. हा ताप गोचिडीच्या चाव्याने येतो. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू प्रथम सापडला. आपल्या सत्तरीत 2015 पासून त्याचे रुग्ण आढळले. माकड हे आपल्यासारखंच त्याचं भक्ष्य आहे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पाचोळ्यात उतरतात आणि त्या जागेत धोका वाढतो. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नका, जागा नीट ध्यानात ठेवा आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही. घरात आजारी असलेल्याला वेगळं टाकू नका, त्याला तुमची गरज आहे.

धोका असतो तो मुख्यतः गोचिडीच्या पिल्लांपासून. ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावल्याचं कळतही नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत ती पाचोळ्यात जास्त असतात, आणि बोंडू वेचायला आपण वाकतो, बसतो ते नेमके त्याच दिवसांत. चावताना लाळेतून विषाणू कातडीत शिरतो, तिथून रक्तात, आणि साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप भरतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. काही जणांत ताप उतरून एखाद-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो आणि मेंदूवर परिणाम दिसतो. म्हणून ताप उतरला तरी लक्ष सोडू नका. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेवर दाखल केलं तर पाणी, क्षार आणि रक्तस्राव सांभाळून बहुतेकांना वाचवता येतं. डॉक्टरांना 'मळ्यात जातो' हे स्वतःहून सांगा. ते सांगितलं नाही तर आधी डेंगी आणि हिवतापच शोधला जातो.

मळ्यात जाताना पूर्ण बाह्या, लांब पँट, पायमोजे. पँटचे पाय मोज्यांत खोचा. आरोग्य केंद्रात मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांना लावा. जेवायला पाचोळ्यात बसू नका. घरी आलात की कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, कानामागे नीट तपासा. एकमेकांचं डोकं बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल, तेल, जळती उदबत्ती यांतलं काहीही लावू नका आणि ती बोटाने चिरडू नका.

प्रश्न : रात्रभराच्या बसने प्रवास केला की सकाळी चपला चढत नाहीत, इतके पाय सुजतात. हृदयाचा दोष असेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही पाय सारखे सुजत असतील आणि दिवसभरात उतरत असतील तर बहुतेक नाही. पायातलं रक्त वर परत नेण्याच्या कामात पोटरीचे स्नायू हृदयाला मोठी मदत करतात. चालताना ते आवळतात, शिरा दाबल्या जातात, आणि शिरांतल्या झडपांमुळे रक्त फक्त वरच जातं. या झडपा पाहूनच विल्यम हार्वेला 1628 मध्ये रक्त फेरी मारून परत येतं हे पटवून देता आलं. बसून राहिलं की पोटऱ्या थांबतात, रक्त खाली तुंबतं आणि त्यातला पाण्याचा अंश बाहेर झिरपतो. बसमध्ये दर थोड्या वेळाने टाचा उचला-टेकवा, गाडी थांबली की उतरून चाला, पाणी प्या. एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय असं असेल तर गोष्ट वेगळी. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पाय चोळू नका. दम लागत असेल किंवा सूज रोजचीच झाली असेल तरी तपासून घ्या.

पेडण्याहून भाताच्या पानांवरच्या डागांबद्दल पत्र आलंय, ते पुढच्या अंकात घेते. लिहिणाऱ्यांनी डागांचा जवळून काढलेला फोटो पाठवावा, आणि शेत खाजनातलं आहे की मरडातलं तेही कळवावं.